लहान कांचपात्रांत कोणास ठेवावें?

मोरणा नदीच्या कांठीं वसलेलें बत्तीस शिराळा हें गांव सर्व महाराष्ट्रास माहीत आहे तें नागपंचमीमुळें. परंतु आजच्या भाषणाचा विषय नाग नव्हे. त्याहून पुष्कळच लहान, मुका आणि कोणासहि भय न घालणारा असा एक प्राणी आहे. शिराळ्यांतील, इस्लामपुरांतील, किंबहुना कोणत्याहि तालुक्याच्या गांवांतील सुशिक्षित घरीं गेलें असतां दिवाणखान्यांत, दूरचित्रवाणी-संचाच्या शेजारीं किंवा पुस्तकांच्या मांडणीवर, कांचेचें एक लहानसें पात्र पुष्कळदां आढळतें. तळाशीं निळे-तांबडे खडे असतात, प्लॅस्टिकचें एक झुडूप असतें आणि पाण्यांत दोन केशरी मासे फिरत असतात. घरांतील मूल त्या पात्रास नाक लावून उभें असतें. दृश्य मोठें गोड असतें. दुःखाची गोष्ट एवढीच कीं, पुष्कळ घरीं तें पंधरवडाभरहि टिकत नाहीं.

एके दिवशीं सकाळीं मासा पाण्यावर उताणा तरंगतांना दिसतो. मूल विचारतें, ‘हा कां मेला?’ या प्रश्नास ठरलेलीं उत्तरें असतात. दुकानदारानें आजारी मासा दिला. कोणाची तरी दृष्ट लागली. किंवा, जें उत्तर अलीकडे फार लोकप्रिय झालें आहे तें असें कीं, घरावर येणारें संकट माशानें आपल्या अंगावर घेतलें. या शेवटच्या उत्तरानें मुलाचें समाधान होतें, मोठ्यांचेंहि होतें, आणि दुसऱ्या दिवशीं नवा मासा विकत आणतां येतो. परंतु त्यामुळें खरें कारण झांकलें जातें. बहुतेक वेळां मासा संकटानें मेलेला नसतो. तो पाण्यानें मेलेला असतो. तें पाणी त्याला पुरेसें नव्हतें, आणि ही गोष्ट त्याला घरीं आणण्यापूर्वींच ओळखतां आली असती.

एखाद्या दोन खोल्यांच्या घरांत कोणी हत्ती बांधीत नाहीं, कारण हत्ती आणि खोली यांचें प्रमाण डोळ्यांस दिसतें. पाण्याचें प्रमाण मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. चार लिटर पाणी आणि चाळीस लिटर पाणी हीं दोन्ही सारखींच निर्मळ दिसतात. म्हणून येथें डोळ्यांवर न विसंबतां मापावर विसंबावें लागतें. बाजारांत मिळणारें वीस सेंटिमीटर व्यासाचें गोल पात्र घेतलें, तर तें अगदीं कांठोकांठ भरलें तरी त्यांत चार लिटरांच्या आसपासच पाणी मावतें. खडे, झुडूप आणि वरची मोकळी जागा वजा केली म्हणजे तीन लिटर उरतें. स्वयंपाकघरांतील एका घागरींत याच्या कितीतरी पट पाणी असतें.

आतां या तीन लिटरांत काय घडतें तें पाहावें. मासा जें खातो त्याचा कांहीं भाग त्याच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो. न खाल्लेलें अन्न कुजूनहि अमोनियाच होतो. हा अमोनिया माशास विष आहे. पाणी जितकें उष्ण आणि जितकें क्षारधर्मी, तितकें तें विष अधिक तीव्र. नदींत हें विष वाहून जातें. कांचपात्रांत तें कोठें जाणार? निसर्गानें यावर एक उपाय ठेविला आहे. वाळू, दगड आणि पाण्याखालचे सर्व पृष्ठभाग यांवर कांहीं सूक्ष्म जंतु वाढतात. त्यांतील एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, आणि दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्राइट हेंहि विषच. नायट्रेट मात्र त्या मानानें सौम्य असून वनस्पति तें खत म्हणून शोषून घेतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास मातींतील अशाच जंतूंचा शोध लावला. शेतांत जें कार्य चालतें तेंच कांचपात्रांतहि चालतें. पण हे जंतु एका दिवसांत वाढत नाहींत. नव्या पात्रांत त्यांची वस्ती पुरेशी होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे पात्र सकाळीं विकत घेतात, दुपारीं भरतात आणि संध्याकाळीं मासे सोडतात. मग पंधरा दिवसांत ते मेले, तर त्यांत नवल कसलें?

प्राणवायूचीहि गोष्ट अशीच आहे. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत फार तर नऊ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो. तेंच पाणी तीस अंशांपर्यंत तापलें म्हणजे हें प्रमाण साडेसातांवर येतें. वैशाखांत शिराळ्यासारख्या गांवीं पत्र्याच्या किंवा गच्चीच्या घरांत खोलींतील पाणी तीस अंशांच्या वर सहज जातें. म्हणजे उन्हाळ्यांत माशाची भूक व श्वास हीं दोन्ही वाढतात, आणि नेमका त्याच वेळीं पाण्यांतील प्राणवायु घटतो. त्यांत गोल पात्र कांठोकांठ भरलें, तर त्याचें तोंड अरुंद म्हणून हवेशीं पाण्याचा स्पर्शहि थोडा. इटलींतील मोंझा शहरानें २००४ सालीं गोल पात्रांत मासे ठेवण्यास मनाई केली, व पुढील वर्षीं रोम शहरानेंहि गोल पात्रांवर बंदी घातली. एखाद्या नगरपालिकेनें माशाच्या भांड्याचा आकार ठरवावा हें कोणास विनोदाचें वाटेल; परंतु त्यामागील विचार विनोदाचा नाहीं.

या शास्त्राचा जन्मच मुळीं प्रमाणाच्या विचारांतून झाला आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८४९-५० च्या सुमारास एक प्रयोग केला. त्यानें बारा गॅलन, म्हणजे सुमारें पंचावन्न लिटर पाण्याचें एक पात्र घेतलें, त्यांत वाळू व माती घातली, व्हॅलिस्नेरिया ही पाण्याखालीं वाढणारी वनस्पति लाविली, आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. कांहीं काळानें वनस्पतीचीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें कांहीं पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व शेवाळ खाऊन टाकिलें आणि पाणी पुन्हां निर्मळ झालें. मासे, वनस्पति आणि गोगलगायी असा तिघांचा संसार त्यानें जुळविला. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, पंप नाहीं, वीज नाहीं, अशा स्थितींत त्या विचारी मनुष्यानें पंचावन्न लिटरांत ठेवले ते फक्त दोनच लहान मासे. आपण तेच दोन मासे तीन लिटरांत ठेवूं पाहतों.

आपल्याकडे हा विचार नव्हता असें मात्र नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत मत्स्यविनोदाचें एक प्रकरण असून, कोणता मासा कोठें राहतो, केवढा होतो आणि त्यास काय चारावें याचें तपशीलवार वर्णन आहे. तें सारें अर्थात् गळानें मासे धरण्याच्या छंदासाठीं होतें. पण प्रत्येक माशाचें घर निराळें व अन्न निराळें ही मूळ गोष्ट त्या राजास ठाऊक होती. आजच्या ग्राहकास ती दुकानाच्या दारांत विसरतां येत नाहीं.

शिराळ्याच्या परिसरांतच याचें उत्तम उदाहरण आहे. मोरणा पुढें वारणेस मिळते, वारणा सह्याद्रींतून येते, आणि सह्याद्रींतील नद्यांच्या खडकाळ, वेगवान पाण्यांत मळ्या नांवाचा एक लहान मासा राहतो. त्याच्या तोंडाखालीं एक चकतीसारखा अवयव असतो. त्या योगें तो खडकास चिकटून प्रवाहास तोंड देतो. कर्नल साइक्स यानें दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां या माशास त्यानें मराठी नांवावरूनच ‘मुल्या’ असें शास्त्रीय नांव दिलें. आजहि जगभर तें चालतें. हा मासा आकारानें लहान, दिसण्यांत साधा, आणि ओढ्यांत फडक्यानेंहि सांपडणारा. मुलें त्याला बाटलींत धरून घरीं आणतात. पण लहान मासा म्हणजे लहान पात्राचा मासा, हें समीकरण येथें साफ चुकतें. वाहतें, थंड, प्राणवायूनें भरलेलें पाणी हें त्याचें घर. दिवाणखान्यांतील साचलेलें कोमट पाणी म्हणजे त्याची कोठडी. महसीराच्या पिल्लाची गोष्ट तर याहूनहि वाईट. बोटभर लांबीचें तें पिल्लूं पुढें हातभराहून मोठें होणार असतें. ओढ्यांतील मासे ओढ्यांतच पाहावे. मुलास कांठावर बसवून अर्धा तास दाखविले, तर बाटलींतील माशापेक्षां तें अधिक शिकेल.

आतां दुकानांतील माशांकडे वळूं. पहिला अर्थातच गोल्डफिश. चीन देशांत सुमारें हजार वर्षांपूर्वींपासून पाळला गेलेला हा मासा तळ्यांचा व हौदांचा आहे. त्याला योग्य जागा मिळाली तर तो वीतभर किंवा त्याहूनहि मोठा होतो. तो फार खातो आणि पाणी फार घाण करितो. त्याचें आयुष्य दहा-पंधरा वर्षांचें सहज असतें. इंग्लंडमध्यें एका घरीं पाळलेला असा एक मासा त्रेचाळीस वर्षें जगून १९९९ सालीं मेला. ज्या प्राण्याचें आयुष्य वर्षांत मोजावयाचें, तो आपल्याकडे दिवसांत मोजला जातो. ‘पात्र लहान असलें कीं मासा लहानच राहतो’ असें दुकानांतून ऐकूं येतें. त्यांत अर्धसत्य आहे. वाईट पाण्यांत त्याची वाढ खुंटते हें खरें; परंतु ती खुंटलेली वाढ म्हणजे उपासमारींत वाढलेल्या मुलाच्या अंगकाठीसारखी आहे. तिला सोय म्हणूं नये. लहान पात्रासाठीं गोल्डफिश वर्ज्य. त्याचप्रमाणें उंच पंखांचा एंजल आणि कांच साफ करतो म्हणून गळ्यांत मारण्यांत येणारा सकर, हेहि वर्ज्य. विकत घेतांना बोटाएवढा असणारा सकर पुढें हातभर वाढतो.

मग लहान पात्रांत ठेवावें कोणास? याचें उत्तर पाण्याच्या मापाप्रमाणें चार पायऱ्यांत देतां येईल.

पांच लिटरांपर्यंतच्या पात्रांत मासा ठेवूं नये. एकहि नाहीं, केवढाहि लहान नाहीं. हें ऐकून पुष्कळांची निराशा होईल. परंतु तेवढें पात्र व्यर्थ नाहीं. त्यांत स्वच्छ वाळू घालून पाणवनस्पति लावाव्या आणि दोन-तीन लहान पाणगोगलगायी सोडाव्या. गोगलगाय कांचेवर चढतांना तिचें तोंड शेवाळ कसें खरवडतें, तें आंतून दिसतें. चिकट पिशवींत घातलेलीं तिचीं अंडीं भिंगांतून पाहतां येतात, आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून टांचणीच्या टोकाएवढीं पिलें बाहेर पडतात. मुलास पाहण्यासारखें यांत माशापेक्षां कमी नाहीं. मात्र या गोगलगायी दुकानांतून किंवा एखाद्या मित्राच्या पात्रांतून आणाव्या. म्हशींच्या डबक्यांतून आणूं नयेत. अशा ठिकाणच्या गोगलगायींत गुरांच्या जंतांच्या पूर्वावस्था असूं शकतात, व त्यांतील कांहींमुळें मनुष्याच्या कातडीसहि खाज सुटते.

दुसरी पायरी आठ-दहा लिटरांची. येथें चेरी श्रिंप या नांवानें विकल्या जाणाऱ्या तांबड्या लहान कोळंब्या उत्तम. त्या मूळच्या चीन-तैवानकडील गोड्या पाण्याच्या. लांबी दोन-तीन सेंटिमीटर. त्यांची विष्ठा अत्यल्प, अन्न म्हणजे शेवाळ व कुजकीं पानें, आणि स्वभाव निरुपद्रवी. थंडींत शिराळ्याच्या घरांतील पाणी अठरा-वीस अंशांवर उतरलें तरी त्या तगून राहतात, म्हणून तापकाची गरज पडत नाहीं. सात-आठ कोळंब्यांनीं आरंभ करावा. पोटाखालीं अंडीं धरून फिरणारी मादी आणि तिच्या पायांची अखंड हालचाल पाहण्यांत मुलें तासन् तास रमतात. या प्राण्यास दोन शत्रु आहेत व ते दोन्ही मराठी घरांत हमखास असतात. एक तांबें. तांब्याच्या हंड्यांत रात्रभर ठेविलेलें पाणी मनुष्यास चालतें, कोळंबीस चालत नाहीं. तांब्याचा अल्प अंशहि तिला मारक होतो. दुसरा शत्रु डास मारण्याचें औषध. त्याचा फवारा मासे व कोळंब्या दोघांसहि घातक आहे. तो मारावयाचाच असेल तर पात्र दुसऱ्या खोलींत न्यावें, किंवा झांकून हवेचा पंप बंद ठेवावा.

तिसरी पायरी पंधरा ते वीस लिटरांची. येथें मासा ठेवतां येतो, पण एकच. तो म्हणजे फायटर. सयाम, म्हणजे हल्लींचा थायलंड, हा त्याचा मूळ देश. तेथील भातखाचरांत व दलदलींत तो राहतो. १९१० सालीं टेट रीगन यानें त्यास सध्यांचें शास्त्रीय नांव दिलें, आणि २०१९ सालीं थायलंडनें त्यास राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस त्याला एक खास अवयव असून त्या योगें तो पाण्याबाहेरची हवा तोंडानें घेऊन श्वास करितो. आपल्याकडील मरळ माशासहि हवेंतून श्वास घेण्याची सोय असते. त्यामुळें वीज गेली आणि पंप बंद पडला तरी फायटर गुदमरत नाहीं. जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, अशा गांवीं हा गुण मोठा. परंतु याच गुणामुळें त्याच्यावर मोठा अन्यायहि होतो. ‘हा पेलाभर पाण्यांत राहतो’ असें सांगून दुकानांत त्यास प्लॅस्टिकच्या पेल्यांत ठेवतात, आणि ग्राहक त्यास तसाच बरणींत ठेवतो. शिराळ्याच्या पश्चिमेस भाताचीं खाचरें पाहिलेल्या श्रोत्यांस यांतील चूक सांगावयास नको. खाचराचें पाणी उथळ असतें. तें थोडें नसतें. हवेंतून श्वास घेतां येतो म्हणून अमोनियाचें विष त्याला सोडीत नाहीं. दुसरें असें कीं, दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांस फाडतात. नर-मादी कायम एकत्र ठेवणेंहि धोक्याचें. एकटा असणें ही या माशाची शिक्षा नव्हे, स्वभाव आहे. ‘बिचाऱ्यास सोबत हवी’ अशा भाबड्या दयेनें त्याच्या पात्रांत दुसरा मासा टाकूं नये. थंडींत पाणी चोवीस अंशांखालीं गेलें कीं तो सुस्त होतो. तेव्हां लहानसा तापक लावावा.

चौथी पायरी चाळीस लिटरांची. हें पात्रहि बाजारांतील मानानें लहानच. साधारण पन्नास सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद व उंच. येथें पांच-सहा गप्पी नर सुखानें राहतात. गप्पी हें नांव शिराळ्यांत कोणास नवीन नाहीं. आरोग्य खात्याचे सेवक डासांच्या अळ्या खाण्यासाठीं हे मासे पाण्याच्या टांक्यांत सोडतात. त्रिनिदाद बेटावरील रॉबर्ट लेचमीर गप्पी या गृहस्थाच्या नांवावरून हें नांव पडलें. येथें ‘नर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गप्पीची मादी अंडीं न घालतां दर महिन्यास वीस-तीस किंवा अधिक पिलांस जन्म देते, आणि एकदां नराशीं संयोग झाल्यावर पुढें कित्येक महिने नर नसतांहि तिचा हा क्रम चालूं राहतो. एका जोडीपासून वर्षभरांत काय होईल याचा हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येईल. नर रंगीत असतो, मादी फिकट. त्यामुळें निवड करणें कठीण नाहीं. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा हा तर भारतीयच. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, आणि आज जगांतील प्रयोगशाळांतून तो आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठीं पाळला जातो. तो चार सेंटिमीटरांचा असला तरी थव्यानें राहणारा व सतत धांवणारा आहे. म्हणून त्यास चाळीस लिटरांच्या उंच पेटीपेक्षां साठ सेंटिमीटर लांबीची पेटी द्यावी. ‘मासा केवढा’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘मासा कसा राहतो’ हाच प्रश्न पुरा.

पात्राच्या निगेविषयीं थोडें. तें उन्हांत ठेवूं नये. तासाभरांत पाणी तापतें व शेवाळ माजतें. नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतो; तें उघड्या बादलींत एक दिवस ठेवून मग वापरावें. आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावें. सगळें पाणी ओतून, खडे राखेनें किंवा साबणानें घांसून पात्र लखलखीत करण्याची आपल्या गृहिणींची हौस येथें घातक ठरते, कारण त्या घांसण्यांत ते उपकारक जंतु धुऊन जातात. अन्न चिमटीनें, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढेंच घालावें. गांवीं जातांना शेजाऱ्याकडे अन्नाचा डबा देऊं नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानें धडधाकट मासा मरत नाहीं, शेजाऱ्याच्या औदार्यानें मात्र मरतो. फायटर उडी मारतो, म्हणून पात्रावर जाळीचें झांकण असावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पात्र भरून, वनस्पति लावून, चिमूटभर अन्न अधूनमधून टाकून तें चार ते सहा आठवडे तसेंच चालूं द्यावें. मग रहिवासी आणावे.

येथें नागाची आठवण होणें अपरिहार्य आहे. शिराळ्यास पूर्वीं नागपंचमीच्या आधीं कांहीं दिवस शेतांतून, बांधांवरून नाग धरून आणीत आणि मातीच्या मडक्यांत ठेवीत. पूजा व मिरवणूक झाल्यावर जेथून धरला तेथेंच त्यास सोडून यावें, असा दंडक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि पुढें उच्च न्यायालयाच्या आदेशानें या प्रथेवर बंधनें आलीं. तो वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. एवढेंच पाहावें कीं, ज्या लोकांनीं नाग मडक्यांत ठेविला, त्यांच्या मनांतहि तें मडकें म्हणजे नागाचें घर नव्हतें. त्याला परत पोंचविण्याची जबाबदारी पहिल्या दिवसापासून डोक्यावर होती. कांचपात्रांतील मासा बँकॉकहून येवो, कलकत्त्याहून येवो, त्याला परतीची वाट नाहीं. तें पात्र हेंच त्याचें मोरणा आणि तेंच त्याचें वारणा. म्हणून मडक्याच्या मानानें कांचपात्राची जबाबदारी अधिक, कमी नव्हे.

परतीची वाट नाहीं म्हणजे खरोखरच नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पात्र सांभाळणें जड झालें, मासा मोठा झाला किंवा पिलें फार झालीं, म्हणजे पुण्य म्हणून तीं नदींत, विहिरींत किंवा चांदोलीच्या जलाशयांत सोडण्याचा मोह होतो. हें पुण्य नव्हे. चिलापी हा आफ्रिकेंतील मासा १९५२ सालीं भारतांत आणला गेला. आज पश्चिम महाराष्ट्रांतील पाण्यांत तो किती माजला आहे हें कोणत्याहि मासेमारास विचारावें. सकर मासाहि अशाच सोडून दिलेल्या माशांपासून ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत पसरला असून, तो मासेमारांचीं जाळीं फाडतो. सह्याद्रींतील कित्येक लहान मासे जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत. एका घरचा कंटाळा त्यांच्या नाशास कारण होऊं नये. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी मनुष्यास द्यावा; कोठेंच सोय नसेल तर पूर्वींच विचार केला नाहीं म्हणून मोठें पात्र घ्यावें.

कोणी म्हणेल, दहा-वीस रुपयांच्या माशासाठीं एवढा खटाटोप कशास? खटाटोप माशाच्या किमतीसाठीं नाहीं. मूल त्या पात्रासमोर उभें असतें. तेथें मासा मेला कीं दुसरा, दुसरा मेला कीं तिसरा, असें जर तें पाहत राहिलें, तर जीव ही बदलण्याची वस्तु आहे एवढेंच तें शिकतें. आणि प्रत्येक मृत्यूस ‘संकट टळलें’ असें नांव दिलें, तर आपल्या हातून झालेल्या हानीचें कारण दुसरीकडे ढकलण्यासहि तें शिकतें. उलट, पांच लिटरांचें पात्र आहे म्हणून घरांत मासा आणला नाहीं, गोगलगाय आणली, आणि तसें कां केलें हें मुलास समजावून सांगितलें, तर त्या एका नकारांत त्याला पुष्कळ मिळतें.

यासाठीं एक साधा उपाय आहे. दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील मुलाच्या हातीं लिटरचें माप द्यावें आणि कांचपात्र त्याच्याकडूनच भरून घ्यावें. किती मापें लागलीं तें त्यानें कागदावर लिहावें, त्यांतून खड्यांसाठीं कांहीं वजा करावें, आणि उरेल तो आंकडा घेऊन मगच माशाच्या दुकानाची पायरी चढावी. दुकानदार जो मासा दाखवील त्याविषयीं मुलानें तीन प्रश्न विचारावे: हा केवढा होणार? हा एकटा राहतो कीं थव्यानें? आणि याला किती लिटर पाणी लागतें? तिसऱ्या उत्तराचा आंकडा कागदावरील आंकड्याहून मोठा निघाला, तर रिकाम्या हातांनीं घरीं यावें. पात्रांतील वनस्पति तोंपर्यंत वाढत असतात.